खुब्याचा फोटो

हे लिहायला मला माझ्या धाकट्या बहिणीने बसवलं. "ताई, खुबा नाहीतर गुडघा धरून बसलेल्या बायका घरोघर आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल," म्हणाली. पडेल की नाही देव जाणे. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. तो घरातल्या माणसांवर रोज थोडा थोडा काढण्यापेक्षा एकदाचा कागदावर उतरवलेला बरा, म्हणून लिहायला घेतलं आहे. औषधांची नावं आणि गोळ्यांची मापं यात मिळणार नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. विचारताना स्वतःच्या तोंडाने विचारा, एवढंच आत्ता सांगते.

कळ

माझं माहेर मालगुंडचं, सासर जयगडच्या खाडीवरचं एक लहान गाव. मी सातवी फायनल पास. आमचे हे मुंबईला छापखान्यात नोकरीला, मुलगा त्यांच्याजवळ शिकायला. गावचं घर, भातशेती आणि आंब्याची कलमं माझे थोरले दीर सांभाळत. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या जाऊबाई, माई. घरात मोठी माणसं आम्ही तिघंच, पण शिस्त दरबारची. थोरल्या दिरांसमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नाही. मला काही हवं असलं तर मी माईंना सांगायचं, माई अण्णांना सांगणार, आणि मग अण्णा बाहेर जाऊन त्याची तजवीज करणार. घरातलं मीठ संपलं तरी ते याच वाटेने यायचं. मिठाच्या बाबतीत ही व्यवस्था ठीक चालली होती.

लावणीच्या दिवसांत चिखलातून पाय उपसताना उजव्या जांघेत पहिल्यांदा कळ आली. मी बांधावर बसले, थोड्या वेळाने पुन्हा उभी राहिले. वाटलं, पाय मुरगळला असेल. पण ती कळ राहायलाच आली होती. जांघेतून निघायची, मांडीच्या आतल्या बाजूने उतरायची आणि गुडघ्याशी येऊन ठणकत बसायची. पाटावरून उठताना हात टेकावा लागायला लागला. मांडी घालून बसले की पाय उघडता उघडेना. पावसाळा सरला, भात कापून झाला, तरी पाय होता तसाच.

शेवटी मी एकदा चुलीपुढे माईंना सांगितलं. स्पष्ट सांगितलं. "माई, मला जांघेत दुखतं. आत, हाडात. तिथून खाली गुडघ्यापर्यंत येतं."

माईंनी आधी दाराकडे बघितलं. "अगो, असा काय बोलत्येस? जांघ बिंघ म्हणू नये बायकांनी. पाय दुखतो म्हण, पाय. मी सांगत्ये ह्यांना."

आणि त्यांनी सांगितलं. जेवायला वाढताना, मला ऐकू येईल अशा बेताने. "धाकटीचा पाय दुखतो. रत्नागिरीला एकदा दाखवून आणा."

पहिला फोटो

अण्णा मला एसटीने रत्नागिरीला घेऊन गेले. ते पुढच्या बाकावर, मी मागे बायकांत. डॉक्टरांचं नाव घेत नाही, आता ते हयातही नाहीत. त्यांच्या खोलीत अण्णा समोरच्या खुर्चीवर बसले आणि मी दाराशी, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी अण्णांना विचारलं.

"आमच्या धाकट्या भावाची मंडळी. गुडघा धरलाय तिचा."

माझ्या जांघेचा माईंनी पाय केला होता, त्या पायाचा अण्णांनी गुडघा केला. नुसता पाय म्हटलं तर डॉक्टर पुढे विचारतील, पाय म्हणजे कुठे, आणि मग भावजयीच्या अंगाबद्दल परक्या माणसाशी बोलावं लागेल, ही त्यांची अडचण मला तेव्हाही कळत होती. गुडघा सभ्य असतो. चारचौघांत त्याचं नाव घेता येतं.

डॉक्टरांनी मला टेबलावर बसवलं आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. "इथेच ना?"

तिथेही दुखत होतंच. मी मान हलवली आणि सगळा धीर गोळा करून म्हटलं, "वरपासून येतं."

"सगळं वरूनच येतं, बाई!" डॉक्टर हसले. अण्णाही हसले. माझं बोलणं तिथे संपलं.

मग फोटो. आमच्याकडे एक्स-रेला अजूनही फोटोच म्हणतात. काळे पडदे लावलेली खोली, गार टेबल, वर टांगलेलं ते यंत्र. तिथल्या माणसाने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितलं, गुडघ्याखाली थंडगार पेटी सरकवली आणि हलू नका म्हणून बाहेर गेला. खटका वाजला. संपलं. ओल्या फिल्मा चिमट्यांना टांगून वाळत घातल्या होत्या, त्यांचा आंबूस वास त्या सगळ्या जागेला होता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मी दारातूनच बघितलं. माझा गुडघा इतका देखणा असेल असं मला वाटलं नव्हतं. वर एक हाड, खाली एक हाड, मधे स्वच्छ काळी फट.

"उत्तम आहे," डॉक्टर अण्णांना म्हणाले. "झीज नाही, काही नाही. वात असेल थोडा. तेल लावा, शेक द्या."

खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरं वाटलं. काही नाही म्हणजे काही नाही. एसटी स्टँडवर अण्णांनी माझ्यासाठी शहाळं आणवलं. त्यांच्या परीने त्यांनी कुठेच कमी केलं नव्हतं.

स्वच्छ

"फोटोत काय आला?" माईंनी पडवीतच विचारलं.

"काय नाय. स्वच्छ हाय," अण्णा म्हणाले.

हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात आला आणि पुढे तीन पावसाळे ठाण मांडून बसला. मी विहिरीवरून कळशी आणताना थांबले की, फोटो तर स्वच्छ हाय. फणस फोडायला खाली बसले नाही की, फोटो तर स्वच्छ हाय. शेजारणी यायच्या, आधी फोटो काढून बरं वाटलं का विचारायच्या. काही नाही निघालं असं ऐकलं की त्यांच्या नजरेत फरक पडायचा. घोव मुंबईला, पोर मुंबईला, हिला कामाचा कंटाळा आला, असं त्यांच्यापैकी एकीने मी ऐकतेय हे ठाऊक असताना म्हटलं.

माई दुष्ट नव्हत्या, हे लिहिणं भाग आहे. उलट रोज संध्याकाळी निर्गुडीचा पाला उकळून त्या माझा गुडघा शेकायच्या. तेल चोळून द्यायच्या. स्वतःचे हात भाजून घ्यायच्या. चोर माजघरात आणि त्या इमानाने अंगण राखत होत्या. त्यामुळे मला त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही. चिडायला तरी मोकळीक असावी माणसाला, तीही मला नव्हती.

दुखणं कसं वाढलं ते थोडक्यात सांगते, कारण ज्यांना हे होतंय त्यांना ते ओळखता यावं. आधी उकिडवं बसता येईना. मग पायाच्या बोटापर्यंत हात पोचेना, नखं काढता येईनात, जोडवी घालता येईनात. पायरी चढताना उजवा पाय मागून ओढून घ्यावा लागे. मग चाल बदलली, कंबर एका बाजूला पडायला लागली. माहेरी गेले तेव्हा समुद्राकडून येणाऱ्या वाटेवर आईने मला लांबून ओळखलंच नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकात मला सापडली नाही. आमचं परसाकडे जायचं ते घरामागे, कलमांच्या पलीकडे. तिथे बसायचं कसं आणि उठायचं कसं? मी झाडाचा बुंधा धरून उठायची. पुढे पुढे तेही जमेना, तेव्हा मी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. तहान लागायची, ओठ सुकायचे, पण पाणी प्यायले तर जावं लागेल या भीतीने तांब्याकडे बघायचीसुद्धा नाही. घरात कोणाच्या हे लक्षात आलं नाही. सांगायचं तर माईंना सांगायला हवं होतं, आणि त्यांना सांगितलेल्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या शिमग्याला हे आले. मी ह्यांना सगळं सांगितलं, माजघरात, दार लोटून. जांघेत दुखतं हेही सांगितलं. ह्यांनी गुडघ्याचा फोटो मागवून घेतला, अंगणात उन्हात धरला, उलटा धरला, सुलटा धरला. एक छापखान्यातला माणूस, छपाईचे खिळे जुळवण्यात हयात गेलेली, त्याला वाटलं हेही वाचता येईल.

"फोटोत काही नाही असं अण्णा म्हणतात," हे म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्यावर ह्यांनी फोटो पाकिटात घातला. मग म्हणाले, "अण्णा काही तुझ्या वाइटावर नाहीत." मी काय विचारलं होतं आणि उत्तर कशाचं आलं! त्या दिवसानंतर मी ह्यांना पायाबद्दल काही सांगितलं नाही. दुखण्यापेक्षा जास्त काही लागलं असेल तर ते हे लागलं.

खुर्ची

पुढच्या गणपतीत सगळी भावकी जमली. गौरीपुढे बायका खाली बसलेल्या, आणि मी खुर्चीवर. ती खुर्ची अण्णांची, पडवीतली. माझ्याने खाली बसवेना आणि उभं राहवेना, म्हणून मी ती स्वतः ओढत आत आणली. गाणी चालली होती ती क्षणभर थांबली. मग एक चुलत सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "मुंबयवाल्याची बायको. तिला पाट कसा चालंल?" सगळ्या हसल्या.

ह्यांनी ते बाहेरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, रत्नागिरीला नवा हाडांचा डॉक्टर आलाय. एकदा त्याच्याकडूनही ऐकू, काही नाही म्हणून. म्हणजे तुझ्याही मनातून जाईल."

शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. मला बरी करायला नाही, माझ्या मनातून काढायला नेत होते. तरी मी गेले. विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

चादर

नवे डॉक्टर वयाने लहान, घाईत असलेले. ह्यांनी खुर्चीवर बसत सुरुवात केली, "तिचा गुडघा..." आणि जुना फोटो पुढे केला.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. मग माझ्याकडे बघितलं, मी दारातून टेबलापर्यंत कशी आले ते त्यांनी बघितलं असणार. "तुम्ही जरा बाहेर थांबा," ते ह्यांना म्हणाले. "पाय बाईंचा आहे, मी त्यांच्याशी बोलतो. सिस्टर आहेत इथे."

हे बाहेर गेले. दार लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी एका परक्या माणसासमोर घरचं कोणी नसताना बसले होते.

"कुठे दुखतं?"

मी लागलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हटलं, "जांघेत."

डॉक्टरांनी मान डोलावली. वीज कोसळली नाही. सिस्टरनेही वर पाहिलं नाही. त्यांनी मला झोपवलं, गुडघ्यात पाय दुमडला आणि हळूच आत वळवला. मी ओरडले. बाहेर ह्यांना ऐकू गेलं असेल इतकी ओरडले.

"गुडघ्याचा फोटो आणलात," डॉक्टर म्हणाले. "खुब्याचा कुठाय?"

"काढलाच नाही."

"का?"

या 'का'चं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं तर मी हे सगळं लिहायलाच बसले नसते. मी म्हटलं, "कोणी काढा म्हटलं नाही."

पुन्हा तशीच काळोखी खोली. या खेपेला तिथली एक आया आली. तिने मला लुगडं सैल करायला सांगितलं, आपण एक पांढरी चादर दोन्ही हातांनी आडवी धरली, आणि मी झोपल्यावर तीच चादर माझ्यावर टाकली. मग यंत्रवाला आत आला, फिल्म लावली, श्वास धरायला सांगितला. खटका वाजला. झालं. भात शिजायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

एक चादर. एवढ्यानं भागणार होतं. माईंची चुलीपुढची धास्ती, अण्णांची डॉक्टरांसमोरची अडचण, तीन पावसाळे चोळलेलं तेल, पाण्याविना सुकलेला घसा, या सगळ्याला एक धुवट चादर पुरेशी होती. त्या टेबलावर मी रडले ते दुखण्यामुळे नव्हे. आयाला वाटलं घाबरले, ती माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. "झाला हो बाय, झाला," म्हणत राहिली.

दोन खुबे

दोन्ही खुबे एकाच फिल्मवर आले होते, त्यामुळे समजून घ्यायला सोपं गेलं. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि आम्हा दोघांना दाखवलं.

"हा डावा. मांडीच्या हाडाचं डोकं गोल, वाटी गोल, आणि मधे ही काळी फट दिसते ना, चंद्रकोरीसारखी? ती रिकामी नाही. तिथे गादी असते, कूर्चा म्हणतात तिला. ती फोटोत उमटत नाही. फोटोत नुसती फट दिसते, आणि फट आहे म्हणजे गादी आहे असं आपण समजायचं. आता हा उजवा बघा."

उजव्या बाजूला फट नव्हती. डोकं वाटीला टेकलं होतं, चपटं झालं होतं, कडेने हाडाचे कोंब फुटले होते. जिथे हाडावर हाड घासत होतं तिथे पांढरंफटक दिसत होतं. जातं कोरडंच फिरवावं तसा माझा सांधा चालत होता, आणि मी त्यावर कळश्या वाहत होते.

"पण दुखतं तर गुडघ्यात," हे म्हणाले.

"खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. म्हणून गुडघा ठीक दिसला की वरचा फोटो काढायचा असतो. जांघेत दुखतं असं कोणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी काढला गेला असता."

मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "तेव्हाच काढला असता तर?"

मला खरं सांगितल्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. "झीज थांबलीच असती असं नाही म्हणणार. तुमची वाटी बहुधा जन्मापासून उथळ आहे. पण ओझी बंद केली असती, हातात काठी दिली असती, हाडाची दिशा बदलायचं ऑपरेशन करता आलं असतं. तुमचा स्वतःचा सांधा अजून बरीच वर्षं चालला असता. आता तो बदलावा लागेल. मुंबईला."

खिडकीतला फोटो

घरी बातमी पोचली तेव्हा माई रडल्या. खऱ्या रडल्या. अण्णा म्हणाले, "त्या पहिल्या डॉक्टरने घोळ केला." आणि तेवढ्यावर त्यांनी प्रकरण मिटवलं.

मग जे झालं ते मी कितीही रागात असले तरी आठवून हसू येतं, आणि हसून झालं की राग दुप्पट होतो. गावातली माणसं चौकशीला यायला लागली. माईंनी नवा फोटो पडवीच्या खिडकीच्या गजांना दोऱ्याने बांधला, पलीकडून ऊन यायचं म्हणून. येईल त्याला दाखवायच्या. "ह्यो बघा उजवा, ह्यो डावा. हाडावर हाड हाय बिचारीच्या." वाडीतले बाप्ये, टपाल घेऊन येणारा, आंब्याचे दलाल, सगळ्यांनी पान खात माझी कंबर बघितली, दोन्ही खुबे, दोन्ही मांड्या आणि मधलं सगळं. ज्या घरात मला जांघ म्हणता येत नव्हतं त्या घराच्या खिडकीत माझी जांघ टांगलेली होती.

"माई, तो फोटो काढा," मी म्हटलं.

"अगो, हाडं तर हायत नुसती. हाडांची कसली लाज?"

आणि ज्यांनी मला कामचोर म्हटलं होतं त्या शेजारणी आता हळहळायला लागल्या. फोटोत आलं ना! माझ्या लंगडण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, माझ्या तोंडावर नव्हता. फिल्मवर मात्र लगेच बसला. मला ती सहानुभूती नको होती. मी आत जाऊन पडून राहायची.

वॉर्ड

मुंबईच्या इस्पितळाबद्दल फार लिहिणार नाही, सगळी इस्पितळं सारखीच असतात. पहाटे फरशी पुसणाऱ्या बायकांच्या बादल्या वाजायच्या, मग पाणचट चहा, मग ताप मोजणं, मग डॉक्टरांचा ताफा. भीती वाटायची ती ऑपरेशनची नव्हे, भूल देण्याची. भूल म्हणजे आणखी एकदा तोंड बंद, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तीनतीनदा बजावलं, उजवा खुबा, उजवा, गुडघा नाही. ते कंटाळून म्हणाले, "अहो बाई, माहीत आहे." मी म्हटलं, "असेल, पण मला सांगू द्या."

शेजारच्या खाटेवर दाभोळची हलीमाबी होती, दोन्ही गुडघे गेलेली, अंगाने माझ्या दुप्पट. तिचा नवरा जहाजावर, मुलगा दुबईला. मी तिला माझी हकिगत सांगितली तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "अगो बाय, मला कोण होता बोलायला? नवरा समिंदरात. मीच डॉक्टरला सांगितलं, हितं दुखतंय, हितं दुखतंय. लाजून काय करू, मेल्याला सपान पडणार हाय?"

जिच्या मागे पुरुष नव्हता तिचं तोंड शाबूत राहिलं होतं. माझाही नवरा लांबच होता. पण माझ्यामागे अण्णा होते, माझ्यातर्फे बोलायला.

ऑपरेशन झालं. दोन पायांमधे उशी बांधून दिवसचे दिवस उताणं पडायचं, कुशीवर वळायचं नाही. एक दिवस केसांच्या जटा झाल्या म्हणून मी रडकुंडीला आले. तेव्हा हे छापखान्यातून परस्पर आले होते, बोटांना शाई. ह्यांनी खिशातला कंगवा काढला आणि माझे केस विंचरायला घेतले. वेणी घालता येईना, तरी घातली, वाकडी. हलीमाबीने पांघरुणात तोंड घालून हसू दाबलं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी मनात येत होतं, हे हात इतकी वर्षं कुठे होते? दोन्ही खरं आहे. आजारपणात माणसावर माया येते आणि त्याच माणसाचा संतापही येतो, तेव्हा घाबरू नका.

आधी कुबड्या, मग काठी. ज्या दिवशी जांघेतल्या कळेशिवाय पाऊल पडलं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी भिंत धरून उभी राहिले आणि मला एवढंच वाटलं की म्हणजे चालणं असं असतं, आणि हे मी विसरून गेले होते. आता मला खाली बसायचं नाही, उकिडवं तर जन्मात नाही. उंच खुर्ची, उंच खाट. परसाकडची भोक पाडलेली लाकडी खुर्ची हे गावच्या सुताराकडून करवून घेणार होते. मी मुंबईहून निघताना लेकाने बजावलं, "आई, पाणी पी." त्याच्या तेवढं लक्षात आलं होतं.

पडवीत

गावी परतल्यावर आंब्याच्या दिवसांत हे रजा घेऊन आले आणि मला तपासणीला रत्नागिरीला नेऊन आणलं. या वेळी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि मीच बोलले. नवा फोटो घेऊन घरी आलो. पडवीत अण्णा, माई आणि आम्ही दोघं. फोटो हातोहात फिरला. डाव्या बाजूला माझं हाड, उजव्या बाजूला पांढराशुभ्र धातू.

"झकास बसलाय," अण्णा म्हणाले.

हे फोटो पाकिटात सरकवत होते. सरकवता सरकवता सहज म्हणाले, "तू तेव्हाच नीट सांगितलं असतंस तर एवढं पुढे गेलंच नसतं बघ."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच सहन झालं नाही. हे सगळं घडून गेल्यावर, घरात जी गोष्ट शिल्लक राहणार होती ती ही होती, की हिने नीट सांगितलं नाही. नातवंडांनाही तीच सांगितली जाणार होती.

मी अण्णांसमोर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. आवाज चढवला नाही, पण पदरही वर घेतला नाही.

"मी नीट सांगितलं होतं. जांघेत दुखतं म्हणून सांगितलं होतं. माईंनी त्याचा पाय केला. अण्णांनी गुडघा केला. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, फोटोत काही नाही."

माईंनी पदर तोंडाशी नेला. ह्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणणार नाहीत हे ठाऊक होतं, पण निदान गप्प बसतील.

"झाला ता झाला," अण्णा म्हणाले. "पण असले शब्द घरात बाप्यांसमोर नकोत."

मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि उभी राहिले, शिकवलं होतं तशी, आधी डावा पाय, मग उजवा. काठी भिंतीलाच राहू दिली.

"जांघ," मी म्हटलं. "माझ्या जांघेत दुखत होतं, अण्णा."

आणि आत निघून गेले नाही. त्यांच्या समोर, माझ्या दोन्ही पायांवर, त्यांनी नजर खाली घालेपर्यंत उभी राहिले.